पेरिओची जागा मिळते आहे, घ्यावी का?

पत्र : बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) होऊन मला तीन वर्षे झाली. सध्या पंढरपुरात एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते. यंदाच्या नीट-एमडीएसमध्ये (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर, म्हणजे एमडीएसच्या प्रवेश परीक्षेत) जो क्रमांक आला, त्यावर राज्याच्या कोट्यातून एका खासगी महाविद्यालयात पेरिओडॉन्टॉलॉजीची (हिरड्या व दातांभोवतीच्या हाडाच्या शाखेची, थोडक्यात पेरिओची) जागा मिळेल असे दिसते. घरच्यांचे म्हणणे, एक वर्ष थांबून ऑर्थो (दात सरळ करण्याची शाखा) किंवा प्रॉस्थोसाठी (कृत्रिम दात बसवण्याची शाखा) पुन्हा परीक्षा द्यावी. सर म्हणतात, ‘आपल्या भागात हिरड्यांसाठी वेगळ्या डॉक्टरकडे कोण जाणार? त्यापेक्षा इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात दाताचे कृत्रिम मूळ बसवण्याचा) चार दिवसांचा कोर्स कर आणि लगेच कामाला लाग.’ मला खरे तर इम्प्लांटच शिकायचे आहे. मुलगी दीड वर्षाची आहे, त्यामुळे तीन वर्षांचा निर्णय चुकला तर परवडणार नाही. पेरिओ घेऊन इम्प्लांट नीट शिकता येतात का? आणि पुढे त्यावर चरितार्थ चालतो का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर :

‘मला खरे तर इम्प्लांटच शिकायचे आहे’ हे तुमचे वाक्य मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीत ऐकत आलो आहे. काही जण पहिल्याच दिवशी ते उघडपणे बोलून दाखवतात, तर काही जण सहा महिने मुकाट्याने स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर, म्हणजे कीटण काढणे) करून कंटाळल्यावर. त्यात गैर काही नाही. मात्र या वाक्याचा अर्थ तीन वर्षांत बदलत जातो, आणि तो ज्या विभागात बदलतो तोच विभाग चांगला, असे माझे मत झाले आहे. तुमच्या प्रश्नांचे थेट उत्तर आधी देतो. जागा घ्यावी, परंतु प्रवेश निश्चित करण्यापूर्वी त्या विभागाची एक परीक्षा तुम्ही घ्यावी. ती कोणती हे पुढे सांगतो. चार दिवसांचा कोर्स हा या शिक्षणाला पर्याय नाही. आणि केवळ शाखेच्या प्रतिष्ठेसाठी एक वर्ष घालवावे, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि त्यांत इम्प्लांट नावाची स्वतंत्र शाखा नाही. प्रॉस्थोडॉन्टिक्स, ओरल सर्जरी आणि पेरिओडॉन्टॉलॉजी या तिन्ही शाखा हे काम आपले मानतात. वर्षभराची प्रमाणपत्रे आणि फेलोशिपही मिळतात, त्यांतल्या काही उत्तम आहेत, पण त्या एमडीएसची जागा घेत नाहीत. प्रॉस्थोवाला वर बसणाऱ्या दातापासून विचार सुरू करतो आणि खाली उतरतो. सर्जन जबड्याच्या हाडापासून वर येतो. आणि आम्ही पेरिओवाले त्या दोहोंच्या मधल्या, दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या हिरडीच्या कड्यावर उभे असतो. ‘खरा इम्प्लांटवाला कोण’ हा वाद प्रत्येक महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये चालतो आणि त्यात मी निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही हे मधले कडे सर्वांत महत्त्वाचे का, याला कारण आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर जगाने ते काम मान्य केले. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ सगळ्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळलेले होते, तो म्हणजे हाड धातूला धरते की नाही. आज त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘धरते’ असे आहे. खरा प्रश्न दहाव्या वर्षी इम्प्लांटभोवती काय उरते, हा आहे. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, आणि हिरडीतले तंतू दाताच्या मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटला हा थर नसतो. त्याच्याभोवतीचे तंतू त्यात न रुतता त्याला समांतर, कॉलरसारखे नुसते वेढून राहतात. त्यामुळे तिथे जिवाणूंचा थर साचून दाह सुरू झाला की तो फारसा अडथळा न येता हाडापर्यंत उतरतो, आणि रुग्णाला बहुधा दुखत नसल्यामुळे तो उशिरा येतो. ज्यांना पूर्वी हिरड्यांचा विकार होऊन गेला आहे त्यांना हा धोका अधिक असतो, आणि दात गमावल्यामुळे इम्प्लांटसाठी आपल्याकडे येणाऱ्यांत नेमके असेच लोक मोठ्या संख्येने असतात. हे कोडे चार दिवसांत शिकवता येत नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो. अध्यापनाच्या सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांना खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला. शेजारच्या दोन दातांभोवती सहा-सात मिलिमीटरचे पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट) होते, हे केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. एकदा स्केलिंग केले, रुग्णाला घाई होती, त्याहून जास्त मला होती. कारण माझ्या नावावर तोवर मोजकेच इम्प्लांट होते. बसवताना सारे सुरेख झाले. तिसऱ्या वर्षी ते पू येतो म्हणून आले तेव्हा एक्स-रेमध्ये अर्धेअधिक हाड गेलेले दिसले आणि मला इम्प्लांट काढावा लागला. खुर्चीतून उठता उठता त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, माझी दाढ ज्यानं गेली, त्यानंच हाही गेला ना?’ निदान अचूक होते, फक्त ते मी तीन वर्षे आधी करायला हवे होते.

म्हणून पेरिओमधल्या तीन वर्षांत जे शिकायचे ते मुख्यतः रुग्ण ओळखणे. या शाखेचा पाया घालणारे दोन अभ्यास तुम्ही बीडीएसला परीक्षेपुरते वाचले असतील. ते आता पुन्हा सावकाश वाचा. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आर्हूस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू करताच आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. यावरून कोणालाही वाटेल की अस्वच्छता म्हणजेच रोग. पण त्याच ल्यो यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतले ४८० पुरुष मजूर पंधरा वर्षे पाहिले. या माणसांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्य नव्हता, सगळ्यांच्या दातांवर कीटण होते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्के लोकांचे हाड झपाट्याने झडत गेले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांच्या बाबतीत हिरड्यांच्या सुजेपलीकडे रोग गेलाच नाही. तोंडात घाण सारखीच असताना नशीब मात्र तीन प्रकारचे होते. समोर बसलेला माणूस यांपैकी कोणत्या गटातला आहे, हे ओळखण्यासाठीच २०१७ च्या हिरड्यांच्या रोगांवरील जागतिक कार्यशाळेने केलेल्या वर्गीकरणात स्टेज आणि ग्रेड असे दोन वेगळे मोजमाप आले. स्टेज म्हणजे आजवर दातांचा किती आधार गेला. ग्रेड म्हणजे पुढे किती वेगाने जाईल. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणारा, किंवा मधुमेहाचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा त्याहून अधिक असलेला रुग्ण थेट सर्वांत वेगाच्या ‘सी’ ग्रेडमध्ये जातो. तुमच्या भागात या यादीत मशेरीची सवयही आवर्जून विचारावी लागेल. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई ठामपणे नाही म्हणतात. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की डबी बाहेर येते.

आता कोर्सविषयी. सरांचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. त्यांच्या पिढीतले अनेक जण असेच शिकले आणि त्यांतले काही फार चांगले काम करतात. बीडीएस डॉक्टर इम्प्लांट बसवतातही. पण अशा कोर्समध्ये काय मिळते ते पाहा : एका कंपनीचा संच, प्लास्टिकच्या जबड्यावर ड्रिल चालवण्याचा सराव, आणि निवडून आणलेल्या, भरपूर हाड असलेल्या एखाद्या रुग्णावर देखरेखीखाली एक-दोन इम्प्लांट. ड्रिल करताना हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंशांवर गेले तरी ते मरते, म्हणून सलाइनची धार कशी ठेवायची, हे तिथे नीट शिकवतात. इम्प्लांट केव्हा बसवू नये हे मात्र शिकवता येत नाही, कारण नकार द्यावा लागेल असा रुग्ण तिथे आणलेलाच नसतो. आणि बसवलेल्या इम्प्लांटचे पुढे काय झाले हे शिकवणाऱ्यालाही कळत नाही, कारण तोवर तो दुसऱ्या गावच्या हॉटेलात दुसऱ्या तुकडीसमोर असतो. एमडीएस झाल्यावर एखादी विशिष्ट गोष्ट, समजा वरच्या जबड्यातील सायनसची पोकळी उचलून तिथे हाड भरणे, अधिक सफाईने करण्यासाठी असे कोर्स जरूर करावेत. पाया म्हणून करू नयेत.

तीन वर्षांत प्रत्यक्षात काय घडते, याचे रंगवलेले चित्र मी देणार नाही. पहिले वर्ष तुम्हाला फसवणूक झाल्यासारखे वाटेल. सकाळी ओपीडीत स्केलिंग, दुपारी स्केलिंग, मध्येच जर्नल क्लब, डिसर्टेशनच्या सिनॉप्सिससाठी गाईडच्या दारात ताटकळणे, आणि वर्षाअखेरीस मूलभूत विषयांची पार्ट वन परीक्षा. बीडीएसचे मित्र या काळात दवाखान्याचे फलक लावत असतात. एका रुग्णाच्या २८ दातांभोवती प्रत्येकी सहा ठिकाणी प्रोब (मोजखुणा असलेली बारीक सळई) घालून खोलीचे १६८ आकडे लिहिताना मान अवघडते. पण त्या आकड्यांनीच बोटांना वजनाची समज येते. प्रोब साधारण २५ ग्रॅमच्या दाबाने घालायचा असतो आणि तो दाब वजनकाट्यावर शिकता येत नाही. ग्रेसी क्युरेट (मूळ खरवडण्याचे हत्यार) मुळावर फिरवताना खडबडीत कीटण संपून गुळगुळीत मूळ लागले, हे डोळ्यांना दिसत नाही, ते चिमटीत कळते. दुसऱ्या वर्षी फ्लॅप उघडायला (हिरडी कापून बाजूला करायला) लागलात की पहिल्या वर्षी चिमटीला जे कळले ते खरे होते की नाही, याचा उलगडा होतो; आपण ‘स्वच्छ’ म्हणून सोडलेल्या मुळावर कीटणाची काळी रेघ दिसते आणि मान खाली जाते. मग हाडाचे कलम, टाळूवरून ऊतक घेऊन उघड्या मुळावर किंवा पातळ हिरडीवर लावणे, दात काढल्यावर खड्ड्यातले हाड राखणे, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) वाचणे, असे एकेक येत जाते. इम्प्लांट बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्या वर्षी हाती येतो. तोपर्यंत मऊ ऊतक हाताळायला हात तयार झालेला असेल, तर इम्प्लांट बसवणे हा त्या दिवसातला सर्वांत सोपा भाग वाटेल. हे मी तुमच्या उत्साहावर पाणी टाकण्यासाठी लिहीत नाही.

विभागाची परीक्षा आता सांगतो. सगळे जण ‘इथे पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्याला) किती इम्प्लांट मिळतात?’ असे विचारतात आणि विभागही एखादा आकडा फुगवून सांगतात. तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, ‘तुमच्या आधीच्या तुकडीने बसवलेले इम्प्लांट आज कोण तपासते?’ चांगल्या विभागात त्यासाठी रिकॉलची (जुन्या रुग्णांना तपासणीसाठी पुन्हा बोलावण्याची) वही असते, ठरलेला वार असतो, जुने रुग्ण दर तीन किंवा सहा महिन्यांनी येतात आणि नव्या विद्यार्थ्यांच्या नावे वाटून दिलेले असतात. तिथे तुम्हाला तुमचे नसलेले, पाच-सात वर्षे जुने काम पाहायला मिळेल, बिघडलेलेही पाहायला मिळेल, आणि पेरिइम्प्लांटायटिसवर (इम्प्लांटभोवती दाह होऊन हाड झडण्यावर) उपचार करायला मिळेल. ते उत्तर न देता विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले, तर तिथे दरवर्षी इम्प्लांट बसतात आणि दरवर्षी विसरले जातात असे समजावे. शक्य असेल तर सकाळी दहाच्या सुमारास ओपीडीत बसून एक तास नुसते पाहा. खुर्च्या किती भरतात? भरलेल्या खुर्चीत रुग्ण आहे की हजेरीसाठी बसवलेला इंटर्न? रुग्णांच्या संख्येबाबत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये किंवा मुंबईचे नायर दंत महाविद्यालय यांच्याशी खासगी महाविद्यालयांची तुलना करणे अन्यायाचे होईल; पण गर्दी कमी असली तरी शिकवणारा खुर्चीशेजारी उभा राहतो का, हे तासाभरात कळते. इम्प्लांटचा खर्च रुग्ण करतो, महाविद्यालय करते की विद्यार्थी, हेही विचारा, कारण काही ठिकाणी पीजीच्या खिशाला बरीच झळ बसते. वर दात बसवण्याचे काम आपल्याच रुग्णावर करू देतात की प्रॉस्थोकडे पाठवून संबंध संपतो, हेही महत्त्वाचे आहे. निदान शेजारी उभे राहू देत असतील तरी पुष्कळ. प्रवेशाच्या फेऱ्यांचे नियम, विशेषतः जागा स्वीकारून नंतर सोडल्यास होणारा दंड, सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचून घ्या, कोणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

ऑर्थो किंवा प्रॉस्थोसाठी वर्ष थांबण्याविषयी थोडक्यात. दात सरळ करण्याची तुम्हाला मनापासून ओढ असती तर तसे पत्रात दिसले असते; ते दिसत नाही. प्रॉस्थोचा विचार मात्र वेगळा आहे, कारण इम्प्लांटशी त्या शाखेचा संबंध पेरिओइतकाच जवळचा आहे. रक्त, टाके आणि शस्त्रक्रिया यांपेक्षा मापे, चावा आणि दाताचा आकार यांत तुमचे मन अधिक रमत असेल तर थांबा. अन्यथा क्रमांक सुधारेलच याची हमी नसताना, लहान मूल सांभाळत आणखी एक वर्ष त्या परीक्षेच्या २४० प्रश्नांच्या तयारीत घालवणे मला पटत नाही.

चरितार्थाचा प्रश्न खरा आहे आणि सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. ‘दात साफ केले की हलायला लागतात, फटी पडतात’ ही समजूत अजून घरोघरी आहे. हलणारे दात इतकी वर्षे कीटणानेच एकमेकांना धरून ठेवलेले होते आणि ते काढल्यावर खरी स्थिती उघडी पडली, हे समजावून सांगण्यात तुमची निम्मी उमेद खर्च होईल. पंढरपुरात केवळ ‘हिरड्यांचा दवाखाना’ अशी पाटी लावून पहिल्या दिवसापासून चालणार नाही. तिथे बहुधा असे होईल : स्वतःचा सर्वसाधारण दवाखाना, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, सोलापूर येथील दवाखान्यांत पिशवी घेऊन जाणे. फ्लॅप, क्राउन लेंग्थनिंग (हिरडी खाली घेऊन दाताचा अधिक भाग उघडा करणे), इम्प्लांट आणि कोणीतरी घातलेले पण आता बिघडलेले इम्प्लांट, अशी कामे या मार्गाने येतात. शेवटच्या प्रकारचे काम वाढत जाणार आहे, कारण गेल्या काही वर्षांत लहान गावांतही इम्प्लांट भरपूर बसू लागले आणि त्यांची निगा राखणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. याशिवाय गावातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी ओळख वाढवा. हिरड्यांच्या उपचाराने एचबीए१सी साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. हा आकडा लहान वाटला तरी औषध न वाढवता मिळणारा आहे आणि फिजिशियनला तो लगेच कळतो. पहिली दोन-तीन वर्षे मिळकत बेताचीच राहील, हे घरी आत्ताच सांगून ठेवा. रिकॉलचे रुग्ण जमा व्हायला वेळ लागतो, पण एकदा जमले की ते मुलाबाळांसह येतात.

मुलीविषयी तुम्ही एकाच वाक्यात लिहिले आहे, तरी तो मुद्दा लहान नाही. एमडीएस हा पूर्ण वेळेचा निवासी अभ्यासक्रम आहे आणि त्या काळात बाहेर दवाखाना चालवता येत नाही. दोन महाविद्यालयांत निवड करायची वेळ आली आणि रिकॉलच्या परीक्षेत दोन्ही सारखी उतरली, तर नामवंत नाव सोडून जिथे आई किंवा सासूबाई मुलीसह येऊन राहू शकतील ते गाव निवडा. माझ्या विद्यार्थिनींपैकी ज्यांनी लहान मुले असताना हा अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांची पहिल्या वर्षी ओढाताण झाली, पण वेळ वाया कसा घालवू नये हे त्यांना इतरांपेक्षा आधी समजले होते.

फेऱ्या सुरू व्हायला अजून काही आठवडे असतील. त्या अवधीत सरांच्या दवाखान्यात इम्प्लांट बसवलेले जे जुने रुग्ण असतील, त्यांतल्या चार-पाच जणांना सरांच्या परवानगीने बोलावून घ्या. प्रोब घ्या, हलक्या हाताने प्रत्येक इम्प्लांटभोवती आणि शेजारच्या दातांभोवती सहा-सहा आकडे लिहा, रक्त येते का ते नोंदवा, आणि बसवताना काढलेला एक्स-रे शेजारी ठेवून आजचा पाहा. या कामात तुम्हाला दुपार कशी गेली ते कळले नाही, तर फॉर्म भरा. आणि काही सापडले तर ते आधी सरांनाच दाखवा, रुग्णासमोर नव्हे.